साहेबांसाठी बसवलेलं अज्ञान

शाळेत साहेब येणार म्हटलं की शाळेतलं खरं काय ते आधी आत टाकायचं, अशी आमच्या खात्याची जुनी रीत आहे. भिंतींना चुना, फळ्यावर सुविचार, हुशार पोरं पहिल्या रांगेत आणि कच्ची पोरं घरी. "उद्या नाही आलास तरी चालेल बेटा," असं मास्तर वर्षातून एकदाच म्हणतात, ते याच भेटीच्या आदल्या दिवशी. मी शिक्षण विस्तार अधिकारी होते. म्हणजे साहेबांच्या जीपमध्ये मागच्या सीटवर बसून नोकरी केली. पुढे बसणारा प्रश्न विचारतो, समोर उभे असलेले घाम पुसतात. मागे बसणाऱ्याला दोघंही नीट दिसतात, आणि चहा दोन्हीकडचा मिळतो.

शेवटच्या वर्षांत माझ्याकडे भाषेचं काम होतं. अमरावतीत राजापेठेतल्या माझ्या शेजारणीला अजून वाटतं की मी पोरांच्या वेलांट्या तपासत फिरायची. तसं नव्हतं. ज्या पोरांच्या घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी, त्यांच्यासाठी सरकार थोडी तरतूद ठेवतं. कुठे दोन भाषांतली पुस्तकं, कुठे दोन्ही भाषा येणारा मदतनीस, कुठे एखाद्या परदेशी भाषेचा वर्ग. त्या तरतुदीतून आमच्या शाळांना वाटा मिळवायचा, मिळाला की तो मार्चच्या आत कामी लावायचा, आणि पुढच्या वर्षी तो का मिळावा हे पुन्हा पहिल्यापासून पटवायचं, असं माझं काम. लग्नाचं स्थळ दरवर्षी त्याच नवऱ्यासाठी नव्याने जुळवावं, तसलं.

त्यात परदेशी भाषेचं काम सोपं. धामणगाव रेल्वेकडच्या एका गावात सरपंचांनी जर्मनचा वर्ग मागितला. मी विचारलं, "भाऊ, जर्मनच का?" ते म्हणाले, "मॅडम, पोट्टं जर्मनीले जावो का ना जावो. पन जगात आपल्या सोडून बी कोनी बोलून राह्यलं, हे तं त्याले समजलं पाह्यजे." इतकं चांगलं उत्तर मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालं नव्हतं. प्रस्ताव गेला तसा मंजूर झाला. कोणी विचारलं नाही की गरज काय. परदेशी भाषेला गरज विचारत नाहीत. गरज विचारतात ती घरच्या भाषेला, आणि ती विचारली गेली भातकुली तालुक्यातल्या एका शाळेत. गावाचं नाव सांगत नाही, कारण त्या गावात अजून मला जेवायला बोलावतात.

भातकुलीकडे खारं पाणी आणि काळी जमीन. हरभरा सोंगायला, म्हणजे कापायला आला की मेळघाटातून कोरकू कुटुंबं खाली उतरतात. बायामाणसं शेतात, म्हातारी माणसं डोंगरात, आणि पोरं मधल्यामध्ये. ही पोरं आमच्या शाळेत बसायची, म्हणजे नुसती बसायचीच. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, तिचं घराणंच वेगळं. वऱ्हाडी माणसाचं बोलणं पुणेकराला नाक मुरडत का होईना, कळतं. कोरकू त्या दोघांनाही कळत नाही. पोर सहा महिने गप्प बसतं, मास्तर त्याला मंद समजतात, आणि हंगाम संपला की ते गप्पच परत जातं.

या शाळेला आम्ही भाषा मदतनीस मिळवून दिली होती. सुमन जांभेकर. डोंगरातली, बारावी झालेली, नवरा गावातच एका पाटलाकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी, म्हणून बाराही महिने इथे. काम असं की आलेल्या पोराशी आधी त्याच्या भाषेत बोलायचं, गोष्ट आणि गणती त्याच भाषेत, आणि हळूहळू, शब्दाला शब्द जोडत, मराठीत आणायचं. बोलायला फटकळ. हसायची कमी, पण पोरं तिच्या पदराला धरून फिरायची. एका हंगामात ती पोरं कविता म्हणायला लागली. मी तिच्या वर्गात मागे बसून बघायची आणि मला फार बरं वाटायचं. नोकरीत असं वाटण्याचे प्रसंग मोजकेच येतात.

मुख्याध्यापक वानखडे सर. अमरावतीहून मोटरसायकलने यायचे, उन्हात रुमाल बांधून, एक दिवस न चुकता. पोरांची नखं-केस बघणारा, आजारी पोराला स्वतःच्या गाडीवर दवाखान्यात नेणारा माणूस. हाडाचा मास्तर. फक्त भेटीचा वास आला की त्यांच्या अंगात यायचं.

तर त्या वर्षी भेट ठरली. पुढच्या वर्षीच्या तरतुदीसाठी कोणाची पदं ठेवायची ते बघायला गावंडे साहेब येणार होते. अकोल्याचे, अमरावतीला बदलून आलेले, हिशेबाचे पक्के आणि बोलायला बेताचे. सुमनचं पद राहणार की जाणार, हे त्यांच्या शेऱ्यावर होतं. शेरा म्हणजे भेटीनंतर अधिकारी शाळेच्या वहीत लिहून जातो ते मत. मास्तरांच्या आयुष्यात त्याला कुंडलीइतकी किंमत असते.

वानखडे सरांनी पदासाठी जीव ओतला. पोरांकडून कविता, पाढे, प्रतिज्ञा, पाहुण्यांचं स्वागत, सगळं मराठीत घोटून घेतलं. ज्यांना आठवडाभरापूर्वीच डोंगरातून आणलं होतं, ती पोरं त्या दिवशी शेतात पाठवली. आणि सुमनला पोषण आहाराच्या खोलीत, खिचडीपाशी बसवलं. का, तर साहेबांना असं वाटायला नको की मास्तर शिकवत नाहीत.

मी जीपमधून उतरले आणि माझ्या लक्षात आलं की हे काहीतरी भलतंच चाललंय. पण तोवर स्वागतगीत सुरू झालं होतं. कोरकू पोरं अशी खणखणीत मराठी बोलली की गावंडे साहेबांनी चष्मा काढून पुसला. एका पोरीला त्यांनी विचारलं, "मोठी होऊन काय होणार?" तिने घोटलेलं उत्तर दिलं. साहेब खूश. चहा पिऊन शेरा लिहिला आणि निघाले. मी मागे शाळेतच थांबले.

सरांनी पहिलं वाक्य मोठ्याने वाचलं. "विद्यार्थ्यांचे मराठी भाषेवरील प्रभुत्व वाखाणण्याजोगे आहे." मग दुसरं वाचलं, ते मनातल्या मनात. "सबब, भाषा मदतनीसाची आवश्यकता दिसून येत नाही."

खिचडीच्या खोलीतून सुमन हात पुसत आली. "काय लिवलं साह्यबानं?"

तिने वही हातात घेतली, वाचली, आणि परत ठेवली. "बराबर हाय," ती म्हणाली. "तुमी मले दाखवलंच नाई, तं त्यायले मी दिसीन कशी?"

कार्यालयात गाठायला गेलं तर साहेब माणूस सापडत नाही. आज मीटिंग, उद्या दौरा. पण गावंडे साहेब शनिवारी अकोल्याला घरी जात, एस.टी.ने, आणि माझं माहेर अकोल्याचं. मी त्यांच्याच गाडीत शेजारची जागा पकडली. बसमधून पळून कुठे जाणार? मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्यांना हवापाण्याचं बोलू दिलं आणि मग मुद्द्यावर आले.

"साहेब, पोरं मराठी शिकली नसती तर तुम्ही काय लिहिलं असतं?"

"योजनेचा उपयोग झाला नाही, असं."

"आणि शिकली तर?"

"तर गरज उरली नाही."

"म्हणजे सुमनने काय करावं? अर्धीच शिकवावी?"

त्यांनी तिकिटाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "इंगोले मॅडम, मी दिसतं ते लिहितो. जे दाखवलं नाही ते कुठून लिहू?" आणि बोरगाव मंजू गेल्यावर, मी काही बोलले नसताना, म्हणाले, "पुन्हा येतो. पण कळवायचं नाही. जसं आहे तसं बघू द्या." एवढं ऐकून घेणारा अधिकारी मला त्याआधी भेटला नव्हता. स्वतःचा शेरा पुन्हा उघडायला छाती लागते.

मी कोणाला एक शब्द सांगितला नाही. पण जीपच्या ड्रायव्हरचा साळा त्याच गावचा. आम्ही अमरावतीहून निघायच्या आधी बातमी शाळेत पोचली होती.

आता वानखडे सरांनी काय करावं? माणसाने पहिल्या चुकीतून शिकावं म्हणतात. ते शिकले, आणि उलट्या बाजूने शिकले. साहेबांना गरज दिसली पाहिजे ना? मग त्यांनी पोरांकडून अज्ञान बसवून घेतलं. मराठीत काही विचारलं तर खाली बघायचं. नाव विचारलं तरी बोलायचं नाही. आणि मदतनीस नसली की शाळेची कशी दैना होते हे ठसावं, म्हणून सुमनला गावाच्या दुसऱ्या टोकाला, पालकांच्या भेटी घ्यायला धाडलं. "मी बिमार नाई, कामचोर नाई, मले काहून दूर धाडता?" असं ती विचारत होती म्हणे. सर म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी बाई."

आम्ही पोचलो तेव्हा शाळा एखाद्या दुखवट्याच्या घरासारखी बसली होती. गावंडे साहेबांनी एका मुलाला विचारलं, "तुझं नाव काय?" तो खाली बघायला लागला. दुसऱ्याला विचारलं, तोही. गेल्या भेटीत "मोठी होऊन डॉक्टर होईन" म्हणणारी पोरगी तिथेच बसली होती. साहेबांनी तिला ओळखलं. "काय गं, डॉक्टरीण?" तिने ओठ गच्च दाबले, सरांकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. तिच्या मागे सगळी रांग हसायला लागली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. "वानखडे सर, मागच्या वेळी यांना बोलणं शिकवलं, आणि या वेळी न बोलणं?" साहेब जीपकडे वळले. मला वाटलं, गेलं पद. बसमधलं सगळं बोलणं मातीत गेलं.

तेवढ्यात वर्गाच्या दाराशी कोणीतरी रडायला लागलं. सहा-सात वर्षांची एक पोरगी, अंगावर मोठ्या माणसाचा शर्ट, चौकट धरून उभी. रडता रडता एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. कोणालाच कळत नव्हतं.

"हेही बसवलेलं का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब, आईची शपथ," सर म्हणाले. "ही आज सकाळीच आली. सोंगणीवाल्या बायांनी सोडून दिली आणि गेल्या."

पण आता सरांवर विश्वास कोणी ठेवावा? साहेब म्हणाले, "मग विचारा तिला काय झालं." सरांनी मराठीत विचारलं. मी हिंदीत विचारलं. मोठ्या पोरांना विचारलं तर ती सरांकडे बघून गप्प. त्यांना न बोलायचीच शिकवण होती, आणि आता खरंच बोला म्हटलं तरी ती भीतीने पार मिटून गेली होती. सरांनी पाण्याचा पेला आणला. पोरीने एक घोट घेऊन थुंकला. "डोंगरातली लेकरं आपलं खारं पाणी पीत नाहीत," सर म्हणाले. साहेबांनी आपली विकतच्या पाण्याची बाटली दिली. ती तिने ढकलून दिली. साहेब उकिडवे बसले आणि त्यांची कार्यालयातली मराठी गळून पडली. "काहून रडून राह्यली वं माय? कोनं मारलं? पोट दुखते का?" पोरगी त्यांच्या बाहीला धरून तेच वाक्य म्हणत राहिली, आणि दाराबाहेर बोट दाखवत राहिली.

"सुमनला आणा," मी म्हणाले. सरांनी मोटरसायकल काढली.

त्या वेळात आम्ही दोघं नुसते तिथे होतो. साहेबांनी मोबाईलवर गाय दाखवली, खिशातला पेन दिला. पोरगी बघेचना. मी एवढी वर्षं भाषेचं काम केलं, त्या दिवशी कळलं की न कळणं म्हणजे काय असतं. ते मास्तरांनी किंवा आम्ही कधी भोगलेलंच नव्हतं.

सुमन गाडीवरून उतरली ती थेट पोरीजवळ जाऊन बसली. दोन वाक्यं तिने विचारली, दोन पोरीने सांगितली. सुमनचा चेहरा उतरला.

"सर, हिचा लहान भाऊ कोठी हाय?"

सर गोंधळले. "भाऊ?"

"सकायी दोघं आल्ते. तुमी लहान्याले हातानं जा जा केलं म्हन्ते ही. थो गेला. तवापासून तेच सांगून राह्यली ना ती, का माहा भाऊ हरवला."

सरांना तेव्हा आठवलं. तीन-साडेतीन वर्षांचं पोर होतं. साहेब येणार, हे रडलं तर पंचाईत, आणि तसंही ते पटावर बसत नाही, म्हणून त्यांनी हाताने घालवलं होतं. त्यांना वाटलं, घरी जाईल. पण घर कुठे? सुमनने पोरीला पुन्हा विचारलं. त्यांची पालं शेततळ्याच्या काठाला होती.

ज्याने शेततळं पाहिलंय त्याला पुढचं सांगायला नको. प्लास्टिक अंथरलेला उतार, मोठा माणूस पडला तरी पाय ठरत नाही. सुमन आणि सर मोटरसायकलवर तळ्याकडे गेले. साहेब जीपमध्ये बसले, या वेळी मागे, माझ्या शेजारी, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सडकेनं घे. हळू घे. दोन्हीकडे पाह्य." सोबत घेतलेली पोरगी मधे बसून रस्त्याकडे डोळे लावून होती. एरवी मी देवाला फारसा त्रास देत नाही. तेवढ्या वेळात मात्र दिला.

पोर सापडलं एस.टी.च्या थांब्यावर, पानठेल्याच्या फळीवर. ठेलेवाल्याने त्याच्या हातात लेमनगोळी दिली होती. "कवाचा बसून हाय इथी," तो म्हणाला. "कोनाचा हाय म्हून इचारलं, तं बोलेच ना. म्हनलं कोनी तं येईन घ्याले."

साहेब त्याला उचलायला गेले तर पोराने असा टाहो फोडला की बहिणीचंही ऐकेना. अनोळखी माणूस, पांढरी गाडी, त्याने फळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. मग साहेबांनी माझ्याकडून सुमनचा नंबर घेतला आणि फोन लावला. "पोट्टं सापडलं," ते म्हणाले. "पन ते माह्याकडे येत नाई. तुमी सांगा त्याले." आणि फोन त्या पोराच्या कानाला लावला.

फोनमधून सुमन काय बोलली, मला माहीत नाही. पोर ऐकत राहिलं. रडणं थांबलं, हुंदके थांबले. मग त्याने फळी सोडली आणि उचलून घ्यावं म्हणून दोन्ही हात साहेबांसमोर वर केले.

परत आलो तेव्हा सर आणि सुमनही तळ्यावरून आले होते. शाळेच्या ओट्यावर सगळी पोरं उभी होती, आणि सगळी एकदम बोलत होती, कोरकूत आणि मराठीत, जसं येईल तसं. गप्प राहायचं होतं हे कोणाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. साहेबांनी वही मागितली. शर्टाच्या खांद्यावर लेमनगोळीचा चिकटा, तसाच ठेवून त्यांनी लिहिलं आणि वही सरांकडे न देता सुमनकडे दिली. तिने वाचून दाखवलं.

"आज एका मुलीने मदत मागितली. शाळेत त्या वेळी मराठी उत्तम जाणणारे दोन अधिकारी हजर होते. त्यांचा काहीही उपयोग झाला नाही. भाषा मदतनीसाचे पद चालू ठेवावे."

वानखडे सर पुढे आले. "साहेब, एक दुरुस्ती सुचवू? 'दोन अधिकारी व मुख्याध्यापक' असं करा. मलाही त्यात घ्या."

साहेबांनी तसं केलं. मी माझ्या नोकरीत पुष्कळ शेरे वाचले. आपलं नाव उपयोग न झालेल्यांत घालून घेणारा मुख्याध्यापक मी तो एकच पाहिला, आणि त्या दोघांबद्दल माझ्या मनात जो आदर बसला तो अजून तसाच आहे.

पद राहिलं. पुढच्या वर्षीही राहिलं, त्याच्या पुढचं मला सांगता यायचं नाही, कारण अशा पदांचं आयुष्य एका हंगामाचं असतं आणि मी आता निवृत्त आहे. आमच्याकडे अजूनही घरच्या भाषेला दरवर्षी दारात उभं राहून आपली ओळख सांगावी लागते, याचं वाईट वाटतं.

निवृत्तीच्या आधी, पुढच्या हरभऱ्याला, मी त्या शाळेत एकटीच गेले होते, न कळवता. परिपाठ चालू होता. फाटकातून ती पोरगी आत आली, तोच मोठा शर्ट, आता जरा मापाचा झालेला. भावाचं मनगट तिने घट्ट धरलं होतं. रांगेत न जाता ती सरळ वानखडे सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि मराठीत, आमच्या वऱ्हाडी मराठीत, म्हणाली,

"सर, याले बी आत घ्या."

सरांनी त्याचं वय विचारलं नाही. त्याचा दुसरा हात धरला आणि त्याला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.